जुन्या छोट्या विमानाचे एव्हिऑनिक्स (इलेक्ट्रॉनिक उपकरणे) बदलताना: आधी वीज आणि तारा, डिस्प्ले सगळ्यांत शेवटी

१९६० किंवा ७० च्या दशकातल्या सेस्ना किंवा पायपरच्या पॅनेलखाली टॉर्च घेऊन उताणे पडा आणि वर पाहा. तारांचे जाळे दिसेल आणि त्यातल्या बऱ्याच तारा कुठेच जात नसतील. पन्नास वर्षांत कुणी एक रेडिओ काढला, कुणी दुसरा बसवला, उरलेली टोके कापून टेप गुंडाळला आणि झाकण लावले. अशा जाळ्याला नवा डिस्प्ले आणि नवा जीपीएस जोडला की पहिले काही तास सगळे छान चालते. मग हेडफोनमध्ये शिट्टी ऐकू येते, रेडिओचे बटण दाबताच जीपीएसची स्थिती हरवते, दिशा पाच-सात अंशांनी सरकते. दोष बहुतेक वेळा नव्या पेटीत, म्हणजे उपकरणात, नसतो. न बदललेली तार, गंजलेले अर्थिंग नाहीतर जुना अँटेना हेच कारण निघते. म्हणून इथला क्रम कॅटलॉगच्या उलटा आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी. प्रमाणित विमानात हे काम परवानाधारक तंत्रज्ञच करतो आणि सहीही त्याचीच असते. मालकाचे काम म्हणजे ठरवणे, योग्य प्रश्न विचारणे आणि विमान ताब्यात घेताना नीट तपासून घेणे. नियम विमानाच्या नोंदणीच्या देशाचे लागतात. खाली जिथे एफएएचे (अमेरिकेच्या विमान-नियामक संस्थेचे) आकडे येतात ते अशासाठी की या पिढीतली बहुतेक छोटी विमाने अमेरिकी बनावटीची आहेत आणि त्यांची कागदपत्रे त्याच भाषेत बोलतात.

पहिले काम: यादी आणि मंजुरी

पॅनेलमधल्या प्रत्येक उपकरणाचा मॉडेल क्रमांक आणि पार्ट नंबर लिहून काढा. विमानाच्या कागदपत्रांतल्या इक्विपमेंट लिस्टशी तो जुळवा. जुळणार नाही. २० वर्षांपूर्वी काढलेला एडीएफ (जुना दिशाशोधक रेडिओ) कागदावर अजून असतो, आणि त्याचा अँटेना विमानाच्या पोटाखाली.

मग उड्डाण कशासाठी करता ते ठरवा. फक्त दिवसा, स्वच्छ हवेत उडायचे असेल तर एक चांगला रेडिओ, ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारा संच) आणि साधा जीपीएस पुरतो. ढगांत, उपकरणांच्या भरवशावर उडायचे असेल तर जीपीएस टीएसओ-सी १४५ किंवा सी १४६ सारख्या मान्य (उपकरणांच्या एफएए) मानकाचा लागतो. टॅबलेट कितीही हुशार असला तरी त्याची जागा घेऊ शकत नाही. काही गोष्टी तुमच्या हातात नसतात. अमेरिकेत ठरावीक हवाई क्षेत्रात १ जानेवारी २०२० पासून एडीएस-बी आउट, म्हणजे विमानाने आपली स्थिती सतत प्रसारित करणे, सक्तीचे आहे. युरोपात रेडिओ चॅनेलांमधल्या ८.३३ किलोहर्ट्झ अंतराचा लागतो. जुना इमर्जन्सी लोकेटर (अपघातानंतर ठिकाण कळवणारा संच) फक्त १२१.५ मेगाहर्ट्झचा असेल तर उपग्रह त्याच्याकडे १ फेब्रुवारी २००९ पासून लक्षच देत नाहीत. पॅनेल उघडलेच आहे तर ४०६ मेगाहर्ट्झचा लोकेटरही याच फेरीत बसवून घ्या.

निवडलेल्या प्रत्येक उपकरणाची एसटीसी, म्हणजे पूरक प्रकार-प्रमाणपत्र, पाहा आणि तिच्या मंजूर मॉडेलांच्या यादीत तुमचे नेमके मॉडेल आहे का ते वाचा. सेस्ना ‘१७२’ एवढे पुरत नाही, पुढचे अक्षरही पाहा. दोन एसटीसी स्वतंत्रपणे बरोबर असूनही एकत्र चालतीलच असे नसते. ही सुसंगतता लेखी ठरवणे बसवणाऱ्याचे काम, ते त्याच्याकडून करून घ्या.

ऑटोपायलटचा सापळा

सर्वांत महागात पडणारी चूक इथे होते. व्हॅक्यूम पंप आणि त्याने शोषलेल्या हवेवर फिरणारे गायरो, म्हणजे कल आणि दिशा दाखवणाऱ्या उपकरणांतली फिरती चाके, काढून टाकायचा मोह रास्त आहे. कोरड्या पंपाच्या आतल्या कार्बनच्या पट्ट्या झिजतात आणि एक दिवस पूर्वसूचना न देता तुटतात. पण जुना ऑटोपायलट आपली माहिती कुठून घेतो हे पाहिल्याशिवाय काहीही काढू नका.

ऑटोपायलट दोन प्रकारचे. काही विमानाचा कल थेट ॲटिट्यूड इंडिकेटरकडून (कल दाखवणाऱ्या गायरोच्या उपकरणाकडून) घेतात. बेंडिक्स किंगचा केएफसी १५० त्यासाठी केआय २५६ या व्हॅक्यूमवरच्या गायरोवर अवलंबून असतो. सेंच्युरी २ आणि ३ यांचीही तीच गत. दुसरे फक्त वळण्याचा वेग पाहतात आणि तो टर्न कोऑर्डिनेटरकडून (वळण दाखवणाऱ्या उपकरणाकडून) घेतात: एस-टेकचे बरेच मॉडेल आणि केएपी १४० या गटातले. पहिल्या प्रकारात ॲटिट्यूड इंडिकेटर काढला की ऑटोपायलट मुका होतो. दुसऱ्या प्रकारात नव्या डिस्प्लेवर वळण दिसतेच, मग जुना टर्न कोऑर्डिनेटर कशाला, असे म्हणून तो फेकला की तेच होते. मग तो पॅनेलच्या मागे कुठेतरी लपवून बसवावा लागतो.

गार्मिनचा जीआय २७५ केआय २५६ च्या जागी बसून ऑटोपायलटला कलाचा संकेत देऊ शकतो. स्वस्त जी ५ ते करत नाही. तो ॲडॉप्टरमार्फत दिशेचा आणि मार्गाचा संकेत तेवढा देतो. म्हणून ऑटोपायलट ठेवायचा की बदलायचा हा निर्णय डिस्प्ले निवडण्याआधी घ्या. पुढे बदलायचाच असेल तर आताच बदललेला स्वस्त पडतो, कारण पॅनेल दोनदा उघडण्याची मजुरी वाचते.

व्हॅक्यूम काढला तर डिस्प्लेला स्वतःची बॅकअप बॅटरी हवीच. जी ५ ची नवी बॅटरी ४ तासांपर्यंत चालते, जीआय २७५ ची साधारण १ तास. चुंबकी होकायंत्र मात्र जागेवरून हलत नाही.

विजेचा हिशोब

हा कागद बसवणारा करतो, पण मालकाने स्वतः एकदा करून पाहावा. पुष्कळ डोळे उघडतात.

प्रथम विमान १४ व्होल्टचे की २८ व्होल्टचे ते पाहा. मग जनरेटर आहे की अल्टरनेटर. जुन्या विमानांत ३५ अँपियरचा जनरेटर सर्रास असतो आणि इंजिन संथ फिरत असताना तो जवळपास काहीच देत नाही. सतत चालणारा भार क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा हा सर्वमान्य दंडक. म्हणजे ३५ पैकी तुमच्या हातात २८ अँपियर.

आता पावसातली रात्र धरा. पिटॉट हीटर (वेग मोजणारी नळी गरम ठेवणारा) साधारण ८, लँडिंग लाइटचा १०० वॅटचा जुना दिवा साधारण ८, नेव्हिगेशन लाइट ६, फिरता बीकन ६. झाले २८. अजून एकही रेडिओ चालू केलेला नाही. बोलण्याचे बटण दाबले की रेडिओ ऐकतानाच्या कितीतरी पट वीज ओढतो, तेही धरायचे आहे.

उपाय दोन. दिवे एलईडी करा: लँडिंग आणि नेव्हिगेशन दिवे बदलले तरी दहाएक अँपियर सुटतात. किंवा जनरेटर काढून ६० अँपियरचा अल्टरनेटर बसवा, त्यासाठीही मंजुरी लागते. दिवे आधी बदला, ते सोपे. फक्त मंजूर दिवेच घ्या. स्वस्त एलईडीचा ड्रायव्हर रेडिओत खरखर भरतो, आणि सिगारेट लायटरच्या खाचेत खुपसलेला यूएसबी चार्जरही तेच करतो.

अल्टरनेटर बंद पडला तर काय, हेही लिहून ठेवा. २४ अँपियर-तासांची बॅटरी आणि अनावश्यक उपकरणे बंद केल्यावर उरलेला १० अँपियरचा भार म्हणजे कागदावर जवळजवळ अडीच तास. जुन्या बॅटरीची क्षमता घटलेली असते आणि व्होल्टेज पडले की पेट्या एकेक करून मान टाकतात. निम्मा वेळ धरून योजना करा, आणि कुठले ब्रेकर (जादा प्रवाह तोडणारे स्विच) कोणत्या क्रमाने ओढायचे ते चेकलिस्टवर छापा.

हिशोबानंतर मोजमाप. सगळा भार चालू करून मल्टिमीटरची एक टोच बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी पॅनेलच्या बसवर (वीज वाटणाऱ्या पट्टीवर) ठेवा. १४ व्होल्टच्या विमानात सतत भाराखाली तूट ०.५ व्होल्टच्या आत हवी, २८ व्होल्टमध्ये १ व्होल्टच्या आत. मग तेच ऋण बाजूला: बॅटरीचे ऋण टोक ते पॅनेलचा सांगाडा. इथे तूट सापडली तर इंजिन, फायरवॉल (इंजिन आणि कॉकपिटमधली भिंत) आणि पॅनेल यांच्यामधल्या जोडपट्ट्या काढा, गंज खरवडा, नवा नट लावा. अर्ध्या तासाच्या या कामाने पुढची अर्धी डोकेदुखी टळते.

तारा

अर्धवट वायरिंग बदलण्याची बचत करू नका. जुन्या तारांवरचे पीव्हीसी कडक होऊन तडकते, आणि पेटले तर कॉकपिटमध्ये विषारी धूर भरतो. नवी तार २२७५९/१६ प्रकारची, टेफझेल आवरणाची घ्या. मेलेल्या तारा मुळापासून काढा. त्यांचे वजन किलोंत भरते.

तार आणि ब्रेकर जोडीने ठरतात. तांब्याच्या २२ गेज तारेला ५ अँपियर, २० ला ७.५, १८ ला १०, १६ ला १५ अँपियरचा ब्रेकर. ब्रेकर पेटीच्या रक्षणासाठी नसतो, तारेच्या रक्षणासाठी असतो. सतत उडतो म्हणून मोठा ब्रेकर टाकला की तार स्वतःच फ्यूज बनते, तीही तुमच्या गुडघ्यांच्या वर. आणि पन्नास वर्षांचे ब्रेकर स्वतःच थकलेले असतात, ते एकगठ्ठा बदला.

कनेक्टरच्या पिना डाग (सोल्डर) देऊन नव्हे, क्रिम्प करून, म्हणजे दाबून, बसवायच्या. चार बाजूंनी दाबणारे एम२२५२०/२-०१ जातीचे साधन आणि त्या पिनेला जुळणारा पोझिशनर हवा. सायकलच्या दुकानातली पक्कड इथे चालत नाही. पिन दाबल्यावर तार हलकेच ओढून पाहायची आणि पिनेच्या छोट्या खिडकीतून तांबे दिसते का बघायचे. डाग दिलेली तार जोडाच्या काठाशी कडक होते आणि कंपनाने तिथेच मोडते.

आवाजाच्या तारा शिल्डेड (धातूच्या जाळीत गुंडाळलेल्या) घ्या, पण त्यांचे शिल्ड एकाच टोकाला, ऑडिओ पॅनेलकडे, अर्थ करा. दोन्ही टोके अर्थ केली की वर्तुळ तयार होते आणि अल्टरनेटरची शिट्टी कानात येते. इंजिनाच्या वेगाबरोबर तिचा सूर चढतो-उतरतो, यावरून ती ओळखा. मायक्रोफोन आणि हेडफोनचे जॅक पत्र्याला टेकता कामा नयेत. इन्सुलेटेड वॉशर दोन्ही बाजूंना लागतात. जुन्या जॅकचा एक वॉशर हमखास हरवलेला असतो.

पेट्या एकमेकींशी बोलतात त्या तारांमध्ये कॅन बस असेल तर तिच्या फक्त दोन टोकांना १२० ओहमचे रोधक हवेत. वीज बंद करून दोन तारांमध्ये ६० ओहम आले की बरोबर. १२० आले तर एक रोधक राहिला, ४० आले तर एक जास्त लागला.

तारांचा जुडगा बांधताना कंट्रोलच्या केबलपासून ३ इंच अंतर ठेवा. जमत नसेल तर मध्ये गार्ड लावा. मग योक (हाताचे सुकाणू) आणि रडर पूर्ण हालवून पाहा. पुढे, मागे, दोन्ही कोपऱ्यांत. हे तुम्ही स्वतः, टॉर्च घेऊन, एकदा पाहाच.

अँटेना आणि कोॲक्स

जुनी आरजी-५८ ही कोॲक्स (अँटेनाची शिल्डेड) केबल काढून दुहेरी शिल्डची आरजी-४०० घाला. कमी फ्रिक्वेन्सीला फरक कळत नाही, पण ट्रान्सपाँडरच्या १०९० मेगाहर्ट्झवर जुनी केबल बरीच शक्ती वाटेतच गिळते. वळण १ इंचापेक्षा लहान त्रिज्येचे नको. गंमत म्हणजे काही जीपीएसना केबल फार आखूडही चालत नाही. अँटेनातला ॲम्प्लिफायर संकेत वाढवून पाठवतो, म्हणून मॅन्युअलमध्ये किमान घटही दिलेली असते. अशा वेळी जादा केबलचे वेटोळे करून ठेवतात.

अँटेनाच्या बुडाशी रंग खरवडून उघडा पत्रा लागतो, वर गंजरोधक प्रक्रिया, आणि बाहेरून सीलंट. बाँडिंगचा रोध ०.००३ ओहमच्या आसपास हवा, साध्या मल्टिमीटरने तो मोजता येत नाही. आत डबलर (मजबुतीचा) पत्रा हवाच, नाहीतर वाऱ्याने अँटेना डोलतो आणि रिव्हेटभोवती चिरा पडतात. कापडी किंवा लाकडी विमानात ग्राउंड प्लेनची (अँटेनाखालच्या धातूच्या पायाची) पत्री वेगळी घालावी लागते.

व्हीएचएफ (बोलण्याच्या रेडिओचा) अँटेना आणि जीपीएस अँटेना जितके दूर तितके बरे. कारण साधे गणित आहे. जीपीएसची फ्रिक्वेन्सी १५७५.४२ मेगाहर्ट्झ. तिला १२ ने भागा, १३१.२८५ येतात, १३ ने भागा, १२१.१८६. या आसपास बोलले की रेडिओचा बारावा किंवा तेरावा हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या १२ किंवा १३ पटीची लहर) नेमका जीपीएसवर आदळतो. म्हणून बसवल्यावर १२१.१५०, १२१.१७५, १२१.२००, १३१.२५०, १३१.२७५ आणि १३१.३०० वर प्रत्येकी ३५ सेकंद बटण दाबून उपग्रहांचे संकेत पडतात का ते पाहायचे असते. आधी ऐका आणि त्या फ्रिक्वेन्सीवर कुणी नाही याची खात्री करा. संकेत पडले तर रेडिओच्या केबलमध्ये ती लहर अडवणारा नॉच फिल्टर लावतात. तरीही पडत असतील तर लोकेटरचा अँटेना तात्पुरता सोडवून पुन्हा चाचणी घ्या. रेडिओची लहर पकडून ती परत फेकणारा हा छुपा चोर पुष्कळदा सापडतो. चाचणी झाली की तो परत जोडायला विसरू नका.

दिशा दाखवणारा मॅग्नेटोमीटर

तो पंखात, लोखंडापासून आणि जाड तारांपासून दूर बसतो. स्क्रू पितळेचे किंवा अचुंबकीय. एक साधा स्टीलचा स्क्रू दिशा अनेक अंशांनी बिघडवतो. बसवण्याआधी त्या जागी चाचणी घ्या: स्ट्रोब, लँडिंग लाइट, पिटॉट हीटर, फ्लॅपची मोटर, ऑटोपायलटचे सर्वो (कंट्रोल हलवणाऱ्या मोटरी) एकेक चालू करा, एलेरॉन (पंखाच्या टोकाकडची हलती फळी) हलवा आणि आकडा सरकतो का पाहा. कॅलिब्रेशन हँगरच्या दारात करू नका, काँक्रीटमधल्या सळया सगळे वाया घालवतात. मोकळ्या जागेत, गाड्यांपासून लांब.

पत्रा, हवा, नळ्या

गोल उपकरणांचे भोक ३ १/८ इंच व्यासाचे. जीआय २७५ सारखी उपकरणे त्यातच बसतात, म्हणून पॅनेल कापावे लागत नाही. मोठ्या डिस्प्लेसाठी नवा पत्रा कापा, जुन्याला ठिगळ लावू नका.

रेडिओंच्या मागे पंखा बसवा. काही जुन्या विमानांत बाहेरची हवा थेट रेडिओंवर सोडणारी नळी असते. तिच्यातून पावसाचे पाणीही येते. ती काढून भोक बंद करा.

पिटॉट-स्टॅटिकच्या (वेग आणि उंचीच्या उपकरणांना हवेचा दाब देणाऱ्या) प्लॅस्टिक नळ्या ठिसूळ झालेल्या असतात, हात लागला की चिरतात. त्या बदलूनच घ्या.

पेट्या लावण्याआधी आणि नंतर

हार्नेस (तारांचा पूर्ण जुडगा) तयार झाला की पेट्या बाहेरच ठेवून वीज द्या. प्रत्येक कनेक्टरवर मीटर धरून पाहा: जिथे वीज हवी तिथेच आहे का, जिथे नको तिथे शून्य आहे का. एका चुकीच्या पिनेवर १४ व्होल्ट गेले तर नवी पेटी धूर सोडते आणि वॉरंटी हात झटकते.

मग स्टॅटिक प्रणालीची गळती. विमानतळाच्या उंचीपेक्षा १००० फूट वरचा दाब तयार करून नळी बंद करायची. एका मिनिटात १०० फुटांपेक्षा जास्त उतरता कामा नये. याच वेळी ट्रान्सपाँडर चालू असेल तर त्याचा अँटेना झाका किंवा टेस्ट सेटला जोडा. नाहीतर तुमचे जमिनीवरचे विमान हवेत चढल्याचे वरून जाणाऱ्या विमानाच्या टक्करविरोधी यंत्रणेला दिसते, आणि वैमानिक विनाकारण हालचाल करतो. ट्रान्सपाँडरने पाठवलेली उंची अल्टिमीटरशी १२५ फुटांच्या आत जुळावी. ट्रान्सपाँडरला उंची कळवणारा जुना एन्कोडर तापायला काही मिनिटे घेतो, थंड असताना घेतलेली चाचणी खोटी ठरते.

ट्रान्सपाँडर वापरलेला असेल तर त्यात आधीच्या विमानाचा २४ बिटांचा पत्ता असतो. तुमचा भरला आहे का ते स्वतः वाचून पाहा. अमेरिकेत एडीएस-बीच्या उड्डाणानंतर एफएए कामगिरीचा अहवाल मोफत देते, तो मागवा.

वजन आणि समतोल नव्याने मांडायचा असतो. काढलेली प्रत्येक वस्तू तोला, अंदाज नको. इंजिनावरचा व्हॅक्यूम पंप गेला की गुरुत्वमध्य मागे सरकतो. शेपटीतली जुनी पेटी गेली की पुढे. होकायंत्राचे दुरुस्ती-कार्डही नव्याने भरा, रेडिओ चालू ठेवून आणि बंद करूनही.

ताब्यात घेताना हे मागा: नवी इक्विपमेंट लिस्ट, फ्लाइट मॅन्युअलच्या पुरवण्या, लॉगबुकातल्या नोंदी, अमेरिकी नोंदणी असेल तर फॉर्म ३३७, पिनेपिनेचा वायरिंग आराखडा आणि प्रत्येक पेटीच्या सेटिंग्जची प्रत. शेवटच्या दोन गोष्टी मागितल्याशिवाय क्वचितच मिळतात, आणि पाच वर्षांनी एक पेटी बदलायची वेळ आली की सगळे त्यांच्यावरच अडते.

पहिली तीन-चार उड्डाणे दिवसा, स्वच्छ हवेत, आणि शक्यतो शेजारी दुसरा वैमानिक घेऊन करा. एक जण बटणे शोधेल तेव्हा दुसरा बाहेर पाहील. ऑटोपायलट प्रथम सुरक्षित उंचीवर जोडा, हात योकवरच ठेवा, आणि तो तोडण्याच्या सगळ्या वाटा आधी वापरून पाहा: योकवरचे बटण, पॅनेलवरचे बटण, ब्रेकर. दहाएक तासांनी पॅनेलच्या मागे पुन्हा एकदा टॉर्च मारा. कंपनाने सैल झालेला बीएनसी (कोॲक्सचा कनेक्टर) आणि पत्र्यावर घासू लागलेला जुडगा या वेळेपर्यंत दिसू लागतो.